संग्रहालयात उतरलेलं अवकाशयान

वॉशिंग्टनमधल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या स्मिथसोनियन संग्रहालयात एक अवकाशयान आहे. ते नासाचं नव्हे, तर जॉर्ज क्लिंटनच्या 'पार्लमेंट-फंकाडेलिक' या फंक बँडचं 'मदरशिप'! 1976 पासून मैफलीत धूर आणि दिव्यांच्या झगमगाटात ते रंगमंचावर उतरायचं आणि लोक बेभान व्हायचे. मूळ यान पुढे भंगारात गेलं. संग्रहालयात आहे ते 1990च्या दशकात नव्याने बांधलेलं.

ज्यांच्या पूर्वजांना साखळदंडांनी बांधून जहाजातून गुलाम म्हणून अमेरिकेत आणलं, त्यांनी आपलं जहाज थेट ताऱ्यांकडे वळवलं! मला तर अ‍ॅफ्रोफ्यूचरिझमचं, म्हणजे कृष्णवर्णीयांचं भविष्य विज्ञानकल्पनेतून रंगवणाऱ्या कलाप्रवाहाचं, सगळं मर्म इथेच दिसतं.

ही वाट क्लिंटनच्या आधीची. 1914 साली अलाबामात जन्मलेला जाझ संगीतकार सन रा स्वतःला शनीचा रहिवासी म्हणवायचा. त्याच्या वाद्यवृंदाचं नाव 'आर्केस्ट्रा': ऑर्केस्ट्रात नोहाची नौका, म्हणजे 'आर्क', मिसळलेली. पुन्हा जहाजच! चमचमते झगे, इजिप्शियन शिरोभूषणं, आणि मध्येच अंगावर येणारे सॅक्सोफोनचे कल्लोळ. सन रा 1993 मध्ये गेला, वाद्यवृंद मात्र थांबला नाही. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलने अ‍ॅफ्रोफ्यूचरिझमचा महोत्सव भरवला, तेव्हा तोही तिथे वाजला.

ऐकायची सुरुवात सन राच्या 'स्पेस इज द प्लेस' या अल्बमपासून करा, आणि हेडफोन लावूनच ऐका.