हलत्या जाळीने प्रकाशाला वळण

धायरीतल्या ज्या घरात मायक्रोवेव्ह ओव्हन आहे, तिथे त्याच्या दाराच्या काचेत बारीक भोकांची धातूची जाळी दिसेल. त्या भोकांतून आतलं भांडं स्पष्ट दिसतं, म्हणजे प्रकाश बाहेर येतो. अन्न तापवणाऱ्या लहरी मात्र आतच राहतात. दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच. फरक फक्त तरंगलांबीचा. ओव्हनमधल्या लहरीची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर आणि भोक जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं, त्यामुळे तिच्यासाठी ही जाळी सलग पत्राच असते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. त्याला तेच भोक प्रशस्त वाटतं.

हाच नियम मोठ्या प्रमाणावर पाहायचा तर जुन्नर तालुक्यात खोडदला जावं. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास 45 मीटर आहे. एवढ्या तबकडीला सलग पत्रा लावला असता, तर वाऱ्याचा मारा सोसायला प्रचंड वजनाचा सांगाडा लागला असता. म्हणून तिथे पोलादी तारांची जाळी ताणून बसवली आहे. जाळीचे चौकोन 10 ते 20 मिलिमीटरचे आहेत. वारा आरपार जातो आणि हायड्रोजनकडून येणारी 21 सेंटिमीटरची लहर आरशावरून परतावी तशी परतते.

यातून निघणारं सूत्र असं: तरंगलांबीहून पुष्कळ लहान असलेली घडण लहरीला सुटी-सुटी जाणवत नाही, तिला एकसंध पदार्थ भेटतो. मग त्या पदार्थाचे गुण तो कशाचा बनला आहे यावरच नव्हे, तर आपण त्याला कसा आकार दिला यावरही ठरतात. अशा घडवलेल्या पदार्थांना मेटामटेरियल म्हणतात.

ही कल्पना आपल्या देशात फार आधी हाताळली गेली. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची ‘पोल’ काढतात, तेव्हा साखरेचे रेणू प्रकाशाच्या कंपनाची दिशा किती फिरवतात ते मोजलं जातं. साखरेच्या रेणूची रचना एका बाजूला पीळ घेतल्यासारखी असते, म्हणून हे घडतं. जगदीशचंद्र बोस यांनी 1898 साली कोलकात्यात रेणूंच्या जागी पीळ दिलेल्या तागाच्या जुड्या ठेवल्या आणि त्यांतून आखूड रेडिओ लहरी पाठवल्या. कंपनाची दिशा फिरली. पीळ उलटा दिल्यावर ती उलट बाजूला फिरली. तागात साखर नव्हती. काम केलं ते पिळाने.

आता हे प्रकाशाच्या मापात आणू. त्यासाठी घडणीचे घटक काहीशे नॅनोमीटरचे किंवा त्याहून लहान हवेत. काचेवर सोन्याचे एवढे बारीक तुकडे कोरले, की प्रकाश पडताच त्यांतले इलेक्ट्रॉन मागे-पुढे डोलतात. तुकड्याची लांबी, त्याचं वळण आणि शेजाऱ्यापासूनचं अंतर यांवर तो कोणत्या रंगाला जोरदार प्रतिसाद देईल आणि प्रकाशाला किती मागे रेंगाळवेल हे ठरतं. भिंगही हेच करतं: मध्यावरची जाड काच प्रकाशाला जास्त थांबवते, कडेची पातळ काच कमी. 2011 साली हार्वर्डमध्ये फेडेरिको कापासो यांच्या गटाने व्ही आकाराच्या सोन्याच्या तुकड्यांची रांग लावून दाखवलं, की खालच्या थराची जाडी न बदलता, केवळ तुकड्यांचे आकार क्रमाने बदलून प्रकाश हव्या दिशेला वळवता येतो.

पण एकदा कोरलेला आकार कायमचा. प्रकाश चालू-बंद करायचा किंवा त्याची दिशा बदलत राहायची, तर घडणच बदलती हवी. त्यासाठी मुख्यत्वे दोन वाटा आहेत.

पहिली वाट घटकांना हलवण्याची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात निकोलाय झेलुदेव यांच्या गटाने सिलिकॉन नायट्राइडच्या अतिपातळ पडद्याला चिरा देऊन त्याच्या बारीक पट्ट्या केल्या आणि त्यांवर सोन्याची नक्षी घातली. सोनं तापल्यावर सिलिकॉन नायट्राइडपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे उष्णता दिली की पट्टी वाकते. एकाआड एक पट्ट्याच वाकतील अशी रचना केली, की शेजारच्या नक्ष्यांमधलं अंतर बदलतं आणि आरपार जाणारा प्रकाश कमी-जास्त होतो. हे 2011 साली झालं. 2013 साली त्याच गटाने उष्णतेऐवजी वीज वापरली. शेजारच्या पट्ट्यांना विरुद्ध भार दिला की त्या एकमेकींकडे ओढल्या जातात. पट्ट्यांमधली फट इतकी अरुंद असते, की थोड्या व्होल्टमध्येही ओढ पुरेशी होते. आणि पट्टीचं वजन नगण्य असल्याने ती सेकंदाला लाखो वेळा हलू शकते.

दुसरी वाट पदार्थाची अवस्था बदलण्याची. पुन्हा लिहिता येणाऱ्या काही डीव्हीडींमध्ये जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचं संयुग वापरतात. लेसरच्या क्षणिक उष्णतेने ते स्फटिकरूप होतं किंवा विस्कळीत होतं, आणि दोन्ही अवस्थांत त्यातून प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जातो. अशा पातळ थरावर लेसरने भिंग लिहायचं, पुसायचं आणि त्याच जागी दुसरं लिहायचं, हे प्रत्यक्षात करून दाखवलं गेलं आहे. लिहिलेलं टिकवायला वीज लागत नाही, हा याचा मोठा फायदा. व्हॅनेडियम डायऑक्साइडची गोष्ट वेगळी: ते सुमारे 68 अंश सेल्सिअसला धातूसारखं वागू लागतं आणि थंड झालं की पूर्ववत होतं.

अडचणीही खऱ्या आहेत. सोनं प्रकाशाचा काही भाग शोषून त्याची उष्णता करतं. म्हणून अनेक गट आता सिलिकॉनसारख्या कमी शोषणाऱ्या पदार्थांकडे वळले आहेत. कोरीवकाम अनेकदा इलेक्ट्रॉन किंवा आयनांच्या झोताने करावं लागतं आणि ते मंद व महाग असतं. शिवाय चित्रपट त्रिमितीत दाखवायचा असेल किंवा स्वयंचलित गाडीचा लेसर यांत्रिक भागांशिवाय फिरवायचा असेल, तर लाखो घटकांना स्वतंत्रपणे हुकूम देता यायला हवा. अशा जाळ्याच्या तारा जोडणं हेच आजचं सगळ्यात कठीण काम आहे.

तरीही सिंहगड रस्त्यावरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी या विषयाकडे लांबून पाहत राहण्याचं कारण नाही. 10 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 3 सेंटिमीटर असते. तिच्यासाठी लागणारे काही मिलिमीटरचे तांब्याचे आकार साध्या पीसीबीवर कोरता येतात, आणि प्रत्येकात व्होल्टेजनुसार धारिता बदलणारा एक व्हॅरॅक्टर डायोड बसवला की व्होल्टेज बदलून परतणारी लहर वळवता येते. तरंगलांबी आणि घडण यांचं प्रमाण तेच राहतं, म्हणून त्या पाटीवर शिकलेलं तत्त्व नॅनोमीटरच्या जगातही कामी येतं.