सही करण्याआधी एजंटाची पारख

विमा एजंट बहुतेकदा ओळखीतलाच असतो. भाचीच्या सासरचं कुणी, शाळेतले निवृत्त गुरुजी, सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. मार्च जवळ आला, कर वाचवायची धांदल सुरू झाली की त्यांचा फोन येतो आणि नाही म्हणणं जड जातं. ओळखीच्या माणसाकडून विमा घेण्यात काहीच वावगं नाही. पण विमा कसा आहे हे घेताना कळत नाही, ते कळतं क्लेमच्या दिवशी. आयुर्विम्यात तर त्या दिवशी विमा घेणारा हयातच नसतो. कागदांची पिशवी घेऊन शाखेत उभी राहते ती त्याची बायको, म्हातारी आई किंवा नुकती अठरा वर्षांची झालेली मुलगी. तेव्हा एजंट निवडताना प्रश्न एवढाच विचारायचा की त्या दिवशी हा माणूस यांच्या कितपत उपयोगी पडेल, आणि आज तो जे करतो आहे त्याने त्या दिवशीचं काम सोपं होईल की अवघड.

आधी तो कुणाचा माणूस आहे ते पाहू. कायद्याच्या दृष्टीने एजंट हा विमा कंपनीचा प्रतिनिधी. त्याला एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचं, एकाच सर्वसाधारण विमा कंपनीचं आणि एकाच आरोग्य विमा कंपनीचं काम करता येतं. त्यामुळे ‘बाजारातली सगळ्यात चांगली पॉलिसी’ असं तो म्हणतो तेव्हा त्याच्या हाती एकाच कंपनीचं माहितीपत्रक असतं, हे ध्यानात ठेवावं. ब्रोकर वेगळा, तो ग्राहकाच्या बाजूने अनेक कंपन्यांतून निवड करतो. बँकेत खातं काढताना विमा गळ्यात मारला जातो तिथे बँक ‘कॉर्पोरेट एजंट’ असते आणि तिला प्रत्येक प्रकारात नऊ कंपन्यांपर्यंत काम करता येतं. एजंट व्हायला किमान दहावी पास असावं लागतं आणि आयसी-३८ ही परीक्षा द्यावी लागते. एजंटाकडे कंपनीचं ओळखपत्र असतं, त्यावर त्याचा एजन्सी क्रमांक असतो. ते मागायला संकोच करू नये. इर्डाच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, एजन्सी पोर्टलवर तो क्रमांक पडताळून घेता येतो.

ओळखपत्रावरचं नाव मात्र नीट वाचा. आपल्याकडे एजन्सी बायकोच्या नावावर आणि धंदा नवऱ्याचा, हा प्रकार सर्रास चालतो; नोकरीत असल्यामुळे त्याला स्वतःच्या नावावर घेता येत नाही म्हणून. घरी येतात भाऊसाहेब, पॉलिसीवर क्रमांक असतो वहिनींचा. सगळं सुरळीत असेपर्यंत कुणाचं काही बिघडत नाही. तक्रार करायची वेळ आली की भाऊसाहेब कागदोपत्री कुणीच नसतात आणि ज्यांचा क्रमांक आहे त्यांनी आपलं तोंडही पाहिलेलं नसतं. जो समोर बसून समजावतो त्याच्याच नावावर एजन्सी असावी, ही अट मी तरी सोडणार नाही.

आता त्याची कमाई. त्यात लाजण्यासारखं काही नाही, कमिशनवरच त्याचं घर चालतं. पण त्या कमिशनची घडण आपल्याला ठाऊक हवी. विमा कायद्यात वर्षानुवर्षं मर्यादा होती ती अशी: दीर्घ मुदतीच्या आयुर्विमा पॉलिसीवर पहिल्या वर्षीच्या हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, त्यापुढे पाच. २०२३ मध्ये इर्डाने पॉलिसीनिहाय मर्यादा काढल्या आणि कंपनीच्या एकूण खर्चावर बंधन घातलं, तरी पहिल्या वर्षाकडे असलेला झुकाव काही गेलेला नाही. ३५ टक्के धरून चाला. फक्त मृत्यूनंतरच पैसे देणाऱ्या, ८ हजार हप्त्याच्या टर्म पॉलिसीवर एजंटाला २,८०० रुपये मिळतात; मुदत संपल्यावरही पैसे देणाऱ्या, ५० हजार हप्त्याच्या एंडोमेंटवर १७,५००. घरात लहान मुलं आहेत, डोक्यावर गृहकर्ज आहे, अशा माणसापुढे जो एजंट आधी टर्मचा कागद ठेवतो, तो स्वतःचे जवळपास १५ हजार बाजूला सारून बोलत असतो. यापेक्षा चांगली खूण मला माहीत नाही.

एंडोमेंट किंवा मनी बॅक दाखवलीच, तर परतावा वर्षाला किती टक्के पडतो ते लिहून मागा. ‘वर्षाला ५० हजार, वीस वर्षं. भरायचे दहा लाख, मिळणार सव्वासतरा लाख!’ हे कानाला गोड लागतं. हिशेब केला तर दर पडतो जेमतेम ५ टक्के. तो घ्यायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण टक्का विचारल्यावर विषय बदलणारा एजंट आणि मोबाइल काढून तिथल्या तिथे हिशेब मांडणारा एजंट यांत फरक आहे. जिथे परताव्याची हमी नाही, तिथे कंपनीच्या तक्त्यात ४ आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. ती केवळ गृहीतं आहेत. आठाच्या रकान्यावर बोट ठेवून ‘एवढे मिळणारच’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवावं. भिंतीवरच्या चेअरमन्स क्लबच्या आणि एमडीआरटीच्या फ्रेमा विक्रीबद्दल सांगतात, क्लेमबद्दल नाही. त्याऐवजी विचारा, तुम्ही विकलेल्या पॉलिसींपैकी पाच वर्षांनंतर किती चालू असतात? कंपन्या हे प्रमाण तेराव्या आणि एकसष्टाव्या महिन्याला मोजतात, त्यामुळे मुरलेल्या एजंटाला हा प्रश्न नवा नसतो. आणि त्याच्यामार्फत क्लेम मिळालेल्या एखाद्या घरी जाऊन बोलता आलं तर अवश्य बोला.

एजंटाची खरी परीक्षा होते प्रपोजल फॉर्म भरताना. चहा झालेला असतो, फॉर्म टेबलावर उघडलेला असतो. आता बरेचदा टॅबच असतो, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी सांगणं म्हणजेच सही. प्रश्न येतो: रक्तदाब, मधुमेह, मागच्या काही वर्षांतलं ऑपरेशन, तंबाखू. तुम्ही म्हणता, ‘बीपीची एक गोळी चालू आहे सकाळची.’ आणि समोरचा म्हणतो, ‘ती सगळ्यांनाच असते हो. लिहिलं तर मेडिकल लागेल, हप्ता वाढेल, उगाच लांबेल.’ बोट ‘नाही’वर टेकतं. त्या क्षणी त्याची विक्री पक्की होते आणि तुमच्या घरच्यांचा क्लेम कच्चा. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत कंपनी लपवलेल्या माहितीवरून पॉलिसी रद्द ठरवू शकते. तीन वर्षांनंतर तिला ती कोणत्याही कारणाने उकरता येत नाही. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली की ही तीन वर्षं नव्याने मोजली जातात. आरोग्य विम्यात हीच मुदत ६० महिन्यांची, आणि फसवणूक सिद्ध झाली तर तिचंही संरक्षण नाही. जुन्या आजारासाठी थांबायचा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. आजार लिहिला तर तेवढं थांबावं लागेल. लपवला तर हॉस्पिटलचे जुने कागद निघतात आणि सगळाच क्लेम अडतो. जो एजंट गोळीचं नाव विचारतो, डॉक्टरांची चिठ्ठी मागतो, ‘मेडिकल होऊ दे, पुढे त्रास नको’ म्हणतो, तो थोडा कटकट्या वाटतो. तोच निवडावा.

फॉर्म इंग्रजीत असेल आणि सही मराठीत, तर मजकूर सही करणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितला असं एक निवेदन त्यात असतं. ते निवेदन खरं होऊ द्या. एकेक प्रश्न वाचून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.

आणि पैसे. इथे १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल माहीत असावा. एका गृहस्थांनी १९८६ मध्ये एलआयसीच्या चार पॉलिसी घेतल्या होत्या. मार्च १९८७ चा सहामाही हप्ता मुदतीत भरला गेला नाही. जूनमध्ये एजंटाने त्यांच्याकडून बेअरर चेक घेतला आणि वटवला. पैसे मात्र त्याने महामंडळात भरले ऑगस्टमध्ये, पॉलिसीधारकाच्या अपघाती मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी. न्यायालयाने सांगितलं की हप्ता स्वीकारण्याचा अधिकार या एजंटाला नव्हता, त्यामुळे त्याच्या हाती दिलेले पैसे महामंडळाला पोचले असं धरता येणार नाही. कुटुंब हरलं. एजंटाने पैसे घेतलेच तर सुट्ट्या सोडून चोवीस तासांत ते कंपनीत जमा करावेत, असं विमा कायदा सांगतो. पण आता हप्ता थेट कंपनीच्या नावे चेकने, यूपीआयने किंवा खात्यातून परस्पर जात असताना एजंटाच्या हाती किंवा त्याच्या खात्यात पैसे देण्याचं कारणच उरत नाही. ‘पहिला हप्ता मीच भरतो’ म्हणणाऱ्यालाही हात जोडावेत. कमिशनमधून सूट देणं कलम ४१ प्रमाणे बेकायदा आहे, त्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आणि ज्याची कमाई पहिल्याच वर्षी वाटून संपली, तो पुढल्या वर्षी कशाला येईल?

पॉलिसी हाती आली की सोबत फॉर्मची प्रत असते. ती उघडून आजारांच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते त्याच दिवशी वाचा. नॉमिनीचं नाव, जन्मतारीख, हप्ते किती वर्षं भरायचे, हेही पाहा. सांगितलं एक आणि छापलं दुसरंच, असं आढळलं तर ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. चांगला एजंट ही मुदत स्वतःहून सांगतो. नॉमिनीला बोलावून घेतो, आपला नंबर तिच्या फोनमध्ये घालून देतो. ग्राहक कर्जबाजारी व्यावसायिक असेल तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घेण्याचा पर्यायही सुचवतो, म्हणजे ती रक्कम बायको-मुलांचीच राहते, सावकाराच्या हाती लागत नाही. मात्र हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, मागाहून नाही.

फोनवरून ‘तुमचा बोनस अडकला आहे, इर्डातून बोलतोय’ असं सांगणारे एजंट नव्हेत, भामटे आहेत. इर्डा पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही.

एवढं करूनही फसगत झाली तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. विमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात त्याची कार्यालयं मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. जाताना फॉर्मची प्रत, हप्त्यांच्या पावत्या आणि एजंटाने लिहून दिलेला तो टक्क्यांचा कागद सोबत घ्यावा.