मथळा तीन हजारांचा, पट्टी बाराशेची!

आईची पत्र्याची पेटी परवा उन्हात काढली. तळाला अंथरलेला पेपर हाती आला, जुलै १९७९ चा. अर्धा मथळा झुरळांनी खाल्लेला, पण ‘स्कायलॅब’ एवढा शब्द शाबूत होता. वडिलांना दाखवला तर ते हसायलाच लागले.

आजच्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा, १९७३ साली वर सोडलेली. वजन सत्तर टनांच्या वर. ती खाली येणार हे नक्की झालं, पण नेमकी कुठं पडणार हे नासालाही छातीठोक सांगता येईना. मग काय, पेपरांनी रोज मथळे द्यायचे आणि गावानं पारावर बसून अर्थ लावायचा. वडील सांगतात, आमच्याकडं लोकांनी ठेवणीतल्या कोंबड्या कापल्या. मरायचंच आहे तर खाऊन मरू! एकानं तर किराणा दुकानदाराची उधारी थांबवली, म्हणाला, ‘बुधवारनंतर बघू.’ ११ जुलैला, बुधवारी रात्री, स्कायलॅब पडली ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. माणूस एकही मेला नाही. गुरुवारी सकाळी दुकानदार वही घेऊन दारात हजर.

तिकडं अमेरिकेत वेगळीच मजा. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पेपरानं जाहीर केलं होतं, स्कायलॅबचा तुकडा ७२ तासांत आमच्या कचेरीत आणणाऱ्याला १० हजार डॉलर. त्यांचा हिशोब असा, की ती काय अमेरिकेत पडत नाही, म्हणजे फुकटात जाहिरात. पण ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स गावच्या १७ वर्षांच्या पोरानं घराच्या आवारात पडलेले जळके तुकडे उचलले, विमान गाठलं आणि मुदतीत पोचला. पेपराला पैसे मोजावे लागले. एस्परन्सच्या स्थानिक कारभाऱ्यांनी तर कचरा टाकला म्हणून नासाला ४०० डॉलरचा दंडही लावला.

त्याच वर्षी मार्चात याहून मोठा घोटाळा झाला होता. जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक रुग्णालयात होते. २२ मार्चला ते गेल्याची बातमी दिल्लीत पोचली, पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत सांगितली, श्रद्धांजली झाली, कामकाज तहकूब झालं. रेडिओनंही सांगून टाकलं. आणि जयप्रकाशजी तर जिवंत! ते गेले ८ ऑक्टोबरला, म्हणजे साडेसहा महिन्यांनी. बातमी वरून आली म्हणून खरीच असेल, असं थेट पंतप्रधानांनाही वाटू शकतं.

छापील मथळ्यांत सगळ्यांचा बाप म्हणजे अमेरिकेतल्या शिकागो ट्रिब्यूनचा. १९४८ ची अध्यक्षपदाची निवडणूक. छापखान्यातल्या कामगारांचा संप चालू, त्यामुळं पानं नेहमीपेक्षा कित्येक तास आधी लावावी लागत. मोजणी संपायची वाट कोण बघणार? छापून टाकलं, ‘ड्युईने ट्रुमनला हरवलं’. जिंकले ट्रुमन. ते तरुणपणी स्वतः शेती केलेले गडी, त्यामुळं अंदाज आणि पदरात पडलेलं पीक यातला फरक त्यांना कळत असणारच. रेल्वे स्टेशनवर तो पेपर दोन्ही हातांनी वर धरून ते असे हसले, की तो फोटो अजून फिरतोय.

आता आमची स्वतःची गोष्ट. ही हसत सांगतोय, पण तेव्हा हसू आलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी मी एका पेपरला बातम्या पाठवायचो. कांद्याच्या लिलावाची बातमी दिली : कमाल दर तीन हजार, किमान पाचशे, सर्वसाधारण सोळाशे. तुम्हाला वाटत असेल मथळा बातमीदार देतो. तसं नसतं. आम्ही मजकूर पाठवायचा, मथळा शहरातल्या डेस्कवर बसतो, आणि तिथं जागा असते चार शब्दांची. सकाळी बघतो तर ‘कांदा तीन हजारांवर!’ आत सगळे आकडे बरोबर होते, पण आत कोण वाचतंय?

तीन हजार मिळाला होता एकाच पिकअपला. माल एकसारखा, कोरडा, रंगाला झकास. कमाल म्हणजे त्या दिवशीचा सगळ्यात उंच बोली लागलेला एक वक्कल. बहुतेकांच्या पदरात पडतो तो सर्वसाधारण दराच्या आसपासचा. दुसऱ्या दिवशी पंचक्रोशीतल्या चाळी उघडल्या, ट्रॅक्टरची रांग बाजार समितीच्या गेटबाहेर रस्त्यापर्यंत. आवक वाढली, दर खाली आला. मथळ्यानंच मथळा पाडला म्हणा.

त्या रांगेत माझा चुलतभाऊ आण्णाही होता. पोरीची कॉलेजची फी भरायची म्हणून भाड्याचा ट्रॅक्टर करून आला होता. पट्टी झाली बाराशेनं. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता फीला पैसे कमी पडले, ते त्यानं सोसायटीतून उचलले. संध्याकाळी पेपर घेऊन माझ्या ओट्यावर आला. भांडला नाही. म्हणाला, ‘पत्रकार, हे राहिलेले अठराशे कुठल्या पानावर छापलेत, तेवढं दाखव.’

तेव्हापासून मी बातमीच्या पहिल्या ओळीत सर्वसाधारण दर आणि आवक लिहितो, कमाल शेवटी. डेस्कवाले कधी कधी फिरवतात. आण्णा अजूनही माझी बातमी वाचत नाही. सकाळी सहाला फोन करतो आणि विचारतो, ‘छापलेला सोड, खरा किती?’