डिस्प्ले गेला की टच?

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर काच तडकलेला निन्टेन्डो स्विच हा गेम कन्सोल ठेवला, तर 'कॉम्बोच टाकावा लागेल' हे उत्तर मिळण्याची शक्यता दाट. त्यात कारागिराचा फारसा दोष नाही. आजच्या मोबाइलमध्ये टच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटलेलेच येतात, तोच हा कॉम्बो. हाताला तीच सवय. २०१७च्या मूळ स्विचमध्ये मात्र वरची टचची काच वेगळी आणि खालचा ६.२ इंची डिस्प्ले वेगळा. चित्र स्वच्छ दिसत असेल तर नुसती काच बदलून भागतं. दोन्हींचे पैसे कशाला मोजायचे?

पण हे सगळ्याच स्विचना लागू नाही. २०१९चा स्विच लाइट आणि २०२१चा स्विच ओलेड यांत दोन्ही थर जोडलेले, म्हणजे तिथे कॉम्बोच. शिवाय ५.५, ६.२ आणि ७ इंचांचे हे डिस्प्ले एकमेकांना बसत नाहीत.

स्क्रीन काळी पडली म्हणजे डिस्प्ले गेला, हेही नेहमी खरं नसतं. मूळ स्विच डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये, बसवून टीव्हीला जोडा. टीव्हीवर गेम दिसला तर बोर्ड बहुधा शाबूत आहे. मग अंधारात काळ्या स्क्रीनवर टॉर्च तिरका धरा. पुसटसं चित्र दिसलं, तर फक्त बॅकलाइट बंद आहे, आणि त्यामागे अनेकदा बोर्डावरचा तिळाएवढा फ्यूज असतो. गंमत अशी की, हा फ्यूज डिस्प्ले बदलतानाही उडू शकतो. बॅटरीचा कनेक्टर आधी न काढता डिस्प्लेची केबलपट्टी काढली-लावली, की नव्या डिस्प्लेवरही अंधारच!

ती पट्टीही ओढून काढायची नसते. कनेक्टरचा बारीक खटका नखाने उभा केला की ती अलगद सुटते. खटका तुटला तर काम थेट सोल्डरिंगवर जातं. बाहेरचे तीन पाकळ्यांचे स्क्रू साध्या फिलिप्सने काढू पाहिले की डोकं झिजलंच समजा.

सेव्ह केलेले गेम जातील ही भीती मात्र फोल. ते आतल्या मेमरीत असतात, डिस्प्लेत नव्हे. त्यामुळे फॉरमॅट मारायची गरज नाही.

मूळ स्विच निन्टेन्डोने भारतात अधिकृतपणे विकलाच नाही, तेव्हा नातेवाइकांनी दुबई-अमेरिकेहून आणलेल्या यंत्राच्या वॉरंटीवर इथे विसंबू नका. टीव्ही आणि टॉर्चची तपासणी घरीच करा, यंत्रावरचा मॉडेल नंबर लिहून न्या आणि बदललेला जुना भाग परत मागा.