कार्टचे इंजिन आणि वर्गणीचा पैसा

आपल्या शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेली अनेक मुले-मुली आज धाराशिव, तुळजापूर, लातूर, सोलापूर आणि पुणे येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत व तंत्रनिकेतनांत शिकत आहेत. माजी विद्यार्थ्यांकडे येणाऱ्या मदतीच्या विनंत्यांत अलीकडे एक नवी विनंती दिसू लागली आहे. ‘आमचा गट शर्यतीची कार्ट बांधत आहे, इंजिन मोठे घ्यायचे आहे, हातभार लावावा.’ शिष्यवृत्तीतून महाविद्यालयाचे शुल्क भागते, पण कार्टचा खर्च तीत बसत नाही. तो विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून उभा राहतो, आणि ती वर्गणी कुणाच्या घरी ऊसतोडीच्या उचलीतून, कुणाच्या घरी शिलाईच्या पैशांतून आलेली असते. कारखान्यांत आणि गॅरेजांत यंत्रांशी रोजचा संबंध असलेल्या आम्हां काही माजी विद्यार्थ्यांना म्हणूनच वाटले की, हे इंजिन-प्रकरण पालकांना व गटातील मुलांना नीट समजावून सांगावे.

कार्ट ही खेळण्यातली मोटार नव्हे. पोलादी नळ्यांची जमिनीलगतची चौकट, चार लहान चाके, एक आसन आणि बाजूला किंवा मागे बसविलेले इंजिन, एवढाच तिचा संसार. तिला स्प्रिंग नसतात, शॉकअ‍ॅब्सॉर्बर नसतात. मागची दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर घट्ट बसविलेली असतात. मोटारीत वळणावर आतले चाक हळू आणि बाहेरचे जलद फिरावे म्हणून जी दातेरी योजना असते, ती येथे नाही. त्यामुळे कार्ट वळताना मागचे आतले चाक क्षणभर जमिनीवरून उचलले जावे लागते, आणि ते काम चौकटीच्या लवचिकतेने होते. चौकट फार ताठ असेल, वजन चुकीच्या जागी असेल किंवा टायर गुळगुळीत झाले असतील, तर कार्ट वळणावर घसटत जाते आणि कमावलेला वेग तेथेच सांडते. अशा कार्टवर दुप्पट ताकदीचे इंजिन चढविले, तर ती दुप्पट जोराने घसटेल. इंजिन हा कार्टमधला बहुधा सर्वांत महाग भाग असतो; पण कार्ट हळू असण्याचे कारण तेच असते असे मात्र नाही.

या खेळाचा जन्मच मुळी स्वस्त इंजिनातून झाला. १९५६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या एका कारखान्यात नोकरीस असलेल्या आर्ट इंगल्स या कारागिराने पहिली कार्ट तयार केली. तिला गवत कापण्याच्या यंत्रासाठी बनविलेले, पडून राहिलेले इंजिन लावले होते. त्याची ताकद जेमतेम अडीच अश्वशक्ती. पुढे मॅककुलॉक या कंपनीने लाकूड कापण्याच्या साखळी-करवतीचे इंजिन कार्टसाठी जुळवून घेतले. आज आपल्याकडे भाड्याने चालणाऱ्या कार्टवर किंवा विद्यार्थ्यांच्या कार्टवर दिसणारे १९६ सीसीचे लहान पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातले आहे. धाराशिवच्या शेतकऱ्याला ते अनोळखी नाही. पाण्याचा पंप, पॉवर वीडर, लहान जनरेटर यांवर याच जातीची इंजिने धडधडत असतात.

या जातीतील होंडाच्या जीएक्स २०० चे उदाहरण घेऊ. मिनिटाला ३६०० फेऱ्यांना ते सुमारे साडेपाच अश्वशक्ती देते. त्याचा सर्वाधिक जोर मात्र २५०० फेऱ्यांच्या आसपास मिळतो. वजन सुमारे १६ किलो. आता आपल्या भागाची एक गोष्ट लक्षात घ्यावी. धाराशिव बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ होते आणि अशा इंजिनाची ताकद दर तीनशे मीटरला साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. म्हणजे आपल्या पठारावर सुमारे सात टक्के ताकद काही बिघाड नसतानाच कमी होते, आणि वैशाखातल्या तापलेल्या हवेत ती आणखी थोडी घटते. कंपनीच्या कागदावरचा आकडा येथे मिळत नाही म्हणून इंजिन खराब ठरवू नये.

नव्या इंजिनाचा विचार करण्यापूर्वी पाहावयाची पहिली वस्तू म्हणजे चेनचे स्प्रॉकेट. सायकलचे मोठे-लहान चक्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे सहज समजेल. समजा, इंजिनावरच्या पुढच्या स्प्रॉकेटला २० दाते आहेत आणि मागच्या दांड्यावरच्याला ६०. इंजिनाच्या तीन फेऱ्यांत मागचे चाक एकदा फिरेल. कार्टच्या मागच्या टायरचा व्यास साधारण ११ इंच असतो. त्याच्या एका फेरीत कार्ट सुमारे ८८ सेंटीमीटर पुढे जाते. इंजिन ३६०० फेऱ्यांवर असताना चाक १२०० वेळा फिरेल आणि वेग ताशी सुमारे ६३ किलोमीटर येईल. मागे ६० ऐवजी ७० दातांचे स्प्रॉकेट लावले, तर कमाल वेग ताशी सुमारे ५४ किलोमीटरवर उतरतो. पण वळणातून बाहेर पडतानाचा उठाव त्याच प्रमाणात वाढतो. वळणावळणांच्या लहान मार्गावर कार्ट ताशी ६३ पर्यंत पोहोचतच नसेल, तर तो आकडा शोभेचा आहे. तेथे ७० दातांचीच कार्ट पुढे जाईल. उलट, सरळ पट्ट्याच्या मध्यावरच इंजिन आपल्या मर्यादेला पोहोचून नुसते गुरगुरत असेल, तर मागचे स्प्रॉकेट लहान करावे. पुढचा एक दाता कमी करणे हे अशा जोडणीत मागचे सुमारे तीन दाते वाढविण्यासारखे असते, हेही मुलांनी ध्यानात ठेवावे. हा सगळा बदल काही शे रुपयांत होतो. इंजिन बदलण्याचा खर्च हजारांत, कधी लाखांत जातो.

केंद्रोत्सारी क्लचचेही तसेच. तो फारच कमी फेऱ्यांवर पकड घेत असेल, तर इंजिन पुरेसा जोर येण्याआधीच ओझ्याखाली दबते. त्याच्या स्प्रिंगा बदलून पकड २५०० फेऱ्यांच्या जवळ आणता येते.

त्यानंतर हवा आणि पेट्रोल. मोकळा श्वास घेणारा एअर फिल्टर व मोकळा सायलेन्सर लावला की इंजिनात अधिक हवा जाते. त्या हवेला पुरेल इतके पेट्रोल मिळावे म्हणून कार्बोरेटरचा मुख्य जेट थोडा मोठा घ्यावा लागतो. फिल्टर बदलून जेट तसाच ठेवला, तर मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि एक दिवस जाम होतो. पाहण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे. चार फेऱ्या मारून स्पार्क प्लग काढावा. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर ठीक. पांढरे पडले असेल तर पेट्रोल कमी, काजळलेले असेल तर पेट्रोल जास्त. आणखी एक बारकावा असा की, या इंजिनांत ऑइल कमी झाल्यास इंजिन आपोआप बंद करणारी एक कळ असते. शेतात ती उपकारक आहे. कार्टवर मात्र जोराच्या वळणात ऑइल एका बाजूला कलंडते, कळीला वाटते ऑइल संपले, आणि इंजिन भर वळणात बंद पडते. मुले कार्बोरेटर खोलत बसतात आणि दोष निघतो एका तारेत. ती तार सोडवून ठेवता येते, पण मग प्रत्येक धावेपूर्वी ऑइलची पातळी हाताने तपासण्याला पर्याय उरत नाही.

एका सुधारणेला आमचा स्पष्ट विरोध आहे. या इंजिनांत फेऱ्या ३६०० च्या पुढे जाऊ न देणारा गव्हर्नर असतो. तो काढून टाकला की फुकटात वेग मिळतो, असे गटागटांत सांगितले जाते आणि ते खोटे नाही. परंतु या इंजिनाचे ओतीव फ्लायव्हील आणि अ‍ॅल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड त्या फेऱ्यांसाठी घडविलेले नाहीत. फ्लायव्हील फुटले तर त्याचे तुकडे आसनापासून हातभर अंतरावरून सुटतात. गव्हर्नर काढावयाचाच असेल, तर अखंड धातूतून कापलेले फ्लायव्हील, मजबूत रॉड आणि कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा घालाव्या लागतात. तेवढ्या पैशांत दुसरे इंजिन येते. स्वस्त म्हणून मिरविलेली ही सुधारणा खरे पाहता सर्वांत महाग आहे.

दुसरे इंजिन म्हणजे बहुधा जुन्या मोटारसायकलचे. १५० सीसीच्या मोटारसायकलचे इंजिन सुमारे चौदा अश्वशक्ती देते, त्यात गिअरबॉक्स अंगचाच असतो आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. नियमांत बसत असेल तर ही निवड आम्हांला योग्य वाटते. मात्र दोन अडचणी आधी ओळखाव्यात. मोटारसायकलवर इंजिनाला समोरून वारा लागतो आणि त्यावरच ते थंड राहते. कार्टवर ते चालकाच्या पाठीशी, आडोशाला बसते आणि दहाव्या फेरीत तापून ताकद सोडते. पंपाच्या इंजिनाला फ्लायव्हीलचाच पंखा असतो, म्हणून ते कोठेही बसविले तरी थंड राहते. मोटारसायकलच्या इंजिनाकडे वारा वळविणारी पत्र्याची वाट करून द्यावीच लागते. दुसरी अडचण विजेची. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटरऐवजी संगणकावर चालणारी इंधनफवारणी आहे; तिचे संवेदक आणि वायरिंग कार्टवर उतरविणे विद्यार्थ्यांना जड जाते. त्यापूर्वीचे कार्बोरेटरचे इंजिन पाहावे.

भंगार बाजारातून इंजिन घेताना पावती घ्यावी आणि इंजिनावरचा क्रमांक गाडीच्या कागदांशी ताडून पाहावा. कागद नसलेले इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. चोरीच्या गाडीचे निघाले तर पोलीस ठाण्याची पायरी मुलालाच चढावी लागते. इंजिन चालू करून धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे रिंगा झिजलेल्या किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेले. ऑइल काढून बोटांवर चोळावे. धातूची चमक दिसली तर पुढे बोलणी करू नयेत.

राहिले खास शर्यतीचे इंजिन. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचे १२५ सीसीचे, पाण्याने थंड होणारे दोन-फटक्यांचे मॅक्स इंजिन ज्येष्ठ गटात सुमारे तीस अश्वशक्ती देते. आपल्या देशातील राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धा अनेक वर्षे याच इंजिनांवर झाली आणि कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या मार्गावरही तिच्या फेऱ्या भरल्या आहेत. या इंजिनांना अधिकृत केंद्राचे सील असते. स्पर्धकाने ते उघडून आत काही करावयाचे नाही. पिथमपूरच्या बाहा स्पर्धेतही वर्षानुवर्षे सर्व संघांना एकाच नमुन्याचे इंजिन आणि त्यात फेरफारास बंदी, असाच नियम राहिला आहे. सील म्हणजे जाच असे मुलांना वाटते. आमचे मत उलट आहे. इंजिन उघडण्याची मुभा असती, तर ज्याच्या खिशात पैसा अधिक तोच पुढे गेला असता. मात्र रोटॅक्सचा नवा संच लाखांत जातो, पेट्रोलमध्ये प्रत्येक वेळी ऑइल मिसळावे लागते आणि ठरावीक तासांनंतर ते खोलून भाग बदलावे लागतात. वर्गणीवर चालणाऱ्या गटाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि मुळात, कोणतेही इंजिन निवडण्यापूर्वी ज्या स्पर्धेत उतरावयाचे तिची नियमपुस्तिका पूर्ण वाचावी. किती सीसी चालते, गिअरबॉक्स चालतो की नाही, गव्हर्नरचे काय, हे तेथे लिहिलेले असते. तपासणीत बाद झालेले इंजिन परत घेणारा दुकानदार आम्हांला अजून भेटलेला नाही.

पालकांसाठी एक गोष्ट. अनेक कार्टना ब्रेक केवळ मागच्या दांड्यावर असतो. ताकद वाढविली तर आधी तो पाहावा. चेन आणि मागचा फिरता दांडा यांवर पक्के आवरण असल्याशिवाय कोणालाही, विशेषतः मुलींना, कार्टवर बसू देऊ नये. मनोरंजनाच्या कार्टमध्ये केस अडकून मृत्यू झाल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. केस बांधून हेल्मेटच्या आत, ओढणी घरी.

यापुढे इंजिनासाठी मदत मागणाऱ्या गटांनी अर्जासोबत तीन कागद जोडावेत: नियमपुस्तिकेतील इंजिनविषयक पान, सध्याच्या स्प्रॉकेटच्या दातांची संख्या, आणि एका वेळी एकच बदल करून नोंदविलेल्या किमान दहा फेऱ्यांच्या वेळा. कागद हाती आल्यावर आमच्यापैकी कोणी तरी सुटीच्या दिवशी येऊन कार्ट पाहील आणि वर्गणीचे त्यानंतर ठरेल.