खुब्याच्या आर्थ्रोस्कोपीतील दृश्यस्पष्टतेचा प्रश्न

खुब्याचा सांधा शरीरात अत्यंत खोलवर असून मांडीच्या हाडाचे गोल डोके खोबणीत घट्ट बसलेले असते. १९३१ साली मायकेल बर्मन यांनी मृतदेहांवरील अभ्यासातून, त्या फटीत दुर्बीण शिरविणे जवळजवळ अशक्य असल्याचे मत मांडले होते. पाय ओढून सांधा सुमारे एक सेंटिमीटर उघडण्याचे तंत्र रुळल्यावरच ही अडचण दूर झाली. मात्र ही ओढ दोन तासांहून अधिक राहिल्यास मज्जातंतूंना इजा होण्याचा धोका वाढतो. साहजिकच धूसर दृश्यामुळे वाया जाणारे प्रत्येक मिनिट रुग्णास महाग पडते, आणि न दिसणाऱ्या जागी फिरणारे हत्यार निरोगी कूर्चाही खरवडते.

दृश्य धूसर होण्याचे मुख्य कारण रक्तस्राव होय. रक्तवाहिनीतील दाब सांध्यातील सलाईनच्या दाबापेक्षा अधिक झाला की रक्त पाण्यात मिसळते. पंपाचा दाब वाढविणे हा सर्वांत सोपा उपाय वाटतो. परंतु तेच पाणी स्नायूंच्या वाटेने पोटात उतरू शकते. ही गुंतागुंत विरळ असली तरी जीवघेणी ठरू शकते. म्हणून भूलतज्ज्ञाने रक्तदाब मर्यादित ठेवणे, सलाईनमध्ये ॲड्रेनालिन मिसळणे व रेडिओ लहरींच्या उष्णतेने रक्तवाहिन्या बंद करणे हे मार्ग अधिक ग्राह्य ठरतात.

खान्देशात मात्र येथे एक वेगळा विचार आवश्यक आहे. सातपुड्याच्या परिसरातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. या आजारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तरुण वयातच खुबा दुखू लागतो. हाड एकदा खचल्यावर आर्थ्रोस्कोपीचा लाभ तुटपुंजाच; तरीही असा रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर येऊ शकतो. त्याच्या बाबतीत घटविलेला रक्तदाब, थंड सलाईन व शरीरातील पाण्याची कमतरता या तिन्ही गोष्टी रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्यास निमित्त ठरू शकतात. स्वच्छ दृश्यासाठी इतरत्र वापरला जाणारा उपाय त्यास अपायकारक ठरेल. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा २०१८ मध्ये सुरू झालेल्या जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यास हा भेद शस्त्रक्रियेपूर्वीच ठाऊक असावयास हवा. सिकलसेलची रक्तचाचणी फारशी खर्चिक नाही.

अशा रुग्णासाठी एक बिनखर्ची युक्ती विशेष उपयोगी आहे. छिद्रातून पाणी वेगाने बाहेर पडू लागले की सांध्यात भोवरे निर्माण होतात व रक्त वाहिनीतून ओढले जाते. अशा वेळी पंपाचा दाब न वाढविता ते छिद्र काही क्षण बोटाने दाबून धरल्यास प्रवाह शांत होतो आणि रक्त येणारी नेमकी जागा दिसू लागते.