त्रिकोणात बसलेलं वर्तुळ

कोडं : काटकोन त्रिकोणाच्या लहान बाजू ८ आणि १५ पावलं. आत तिन्ही बाजूंना टेकणारं वर्तुळ काढलं, तर त्याचा व्यास किती?

कुठलं : सुमारे दोन हजार वर्षं जुन्या ‘गणितकलेचे नऊ अध्याय’ या चिनी ग्रंथातलं.

उकल : पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण १७. काटकोनाच्या कोपऱ्यात त्रिज्येएवढ्या बाजूचा चौरस तयार होतो. बाहेरच्या एकाच बिंदूपासूनचे स्पर्शिकाखंड समान असतात. म्हणून दोन्ही बाजूंमधून त्रिज्या वजा केल्यावर उरलेले तुकडे जोडले की कर्ण मिळतो.

सूत्र : व्यास = लहान बाजूंची बेरीज − कर्ण. म्हणजे ८ + १५ − १७ = ६ पावलं.

दुसरी वाट : क्षेत्रफळ (६०) भागिले अर्धपरिमिती (२०) = त्रिज्या ३. ही रीत कुठल्याही त्रिकोणाला चालते.

पुढे काय : १२४८ साली ली ये या चिनी गणितज्ञाने अशाच एका वर्तुळावर १७० उदाहरणं रचली. प्रत्येकात माहिती वेगळी, पण व्यास एकच : २४० पावलं.

करून पाहा : ५, १२, १३ बाजूंच्या त्रिकोणात व्यास ४ यायला हवा.